गुरुनाथला कुणी विचारलेच नाही

राधानगरी हे गाव सासर सोडून माहेरी परतलेल्या एका लेकीच्या नावाचे आहे, ही गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. भोगावती अडवण्याचे राजर्षी शाहूंनी मनावर घेतले, तेव्हा तिथे वसवलेल्या गावाला त्यांनी आपल्या कन्येचे, राधाबाई तथा आक्कासाहेबांचे नाव दिले. आक्कासाहेबांचे लग्न १९०८ साली देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाले, १९१० साली मुलगा झाला, आणि पुढे ते लग्न न टिकून त्या कोल्हापूरला आल्या. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली देवासला तुकोजीरावांचा खासगी चिटणीस होता. त्या दरबारावर त्याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या मोडलेल्या संसाराची हकिकत आली आहे. त्याच संसारातला मुलगा, विक्रमसिंह, १९४७ साली शहाजी महाराज म्हणून करवीरच्या गादीवर बसला. नवऱ्याचे घर सोडले म्हणून आक्कासाहेबांचे नाव कुणी गावावरून पुसले नाही, तालुक्यावरूनही नाही. त्याच तालुक्यात आज दिवेलागणीनंतर घरोघरी ज्या मालिका लागतात, त्यांत मात्र नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली की पहिलीने काय करावे याचे उत्तर ठरलेले असते: थांबावे, सोसावे, आणि जमल्यास नवऱ्याला परत जिंकून आणावे. या मालिकांची बाजू घेताना एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘कितीही ताणलं तरी शेवटी निष्ठा जिंकते आणि कारस्थान हरतं, मग यात वाईट काय?’ या वाक्याचाच मला प्रतिवाद करायचा आहे. मालिकेत निष्ठा जिंकत नाही आणि कारस्थानही हरत नाही. एकच वागणे मंगळसूत्र घातलेल्या बाईने केले की त्याला निष्ठा म्हणतात आणि न घातलेल्या बाईने केले की कारस्थान. आणि ज्याने शब्द मोडला त्याच्याकडे दोहोंपैकी कशाचाच हिशोब मागितला जात नाही.

पुरावा म्हणून सर्वांत लोकप्रिय त्रिकोणच घेऊ. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका झी मराठीवर ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ पर्यंत चालली. नागपूरकडची, मनाने मोकळी, घरकामात गर्क राधिका. मुंबईच्या कार्यालयात बढती मिळवलेला तिचा नवरा गुरुनाथ सुभेदार. आणि त्याच्या प्रेमात, किंवा त्याच्या पाकिटाच्या प्रेमात पडलेली शनाया. नावातच गंमत पाहा. मालिकेचे नाव राधिका उच्चारते, पण त्यातला ‘माझा’ नवरा कर्त्याच्या जागी नाही. तो केवळ षष्ठी विभक्तीत आहे. भांडण ‘बायको’ या पदाचे आहे आणि ते दोन बायकांत आहे. गुरुनाथ खोटे बोलतो, घरातला पैसा बाहेर उधळतो, मुलाला दिलेला वेळ दुसरीकडे वळवतो, आणि ही यादी मालिका लपवतही नाही. पण प्रत्येक खोटेपणाच्या आधी शनायाचा एखादा हट्ट, एखादा रुसवा, एखादा फोन दाखवला जातो. म्हणजे घटनेचे कारण तिच्याकडे आणि घटना त्याच्याकडे. रोज वीसबावीस मिनिटे हीच मांडणी पाहिली की प्रेक्षकाच्या मनात एक व्याकरण पक्के होते: बाई करते, पुरुषाकडून होते. ‘त्याच्याकडून चूक झाली’ आणि ‘तिने घर फोडलं’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. एकात चूक पावसासारखी आपोआप पडली आहे, दुसऱ्यात हातोडा कुणाच्या हाती आहे हे स्पष्ट आहे.

आता राधिकेच्या निष्ठेकडे वळू, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. शनाया खोटे बोलते, दारामागे उभी राहून ऐकते, निरोप फिरवते, एकाला दुसऱ्याविरुद्ध भरवते. हे सगळे कारस्थान, मान्य. पण गुरुनाथला ताळ्यावर आणण्यासाठी राधिका, तिचे शेजारीपाजारी आणि सासरची माणसे मिळून जे बेत आखतात, त्यांत काय असते? माहीत असूनही माहीत नसल्याचे सोंग, मुद्दाम घडवून आणलेल्या भेटी, समोरच्याला कोंडीत पकडण्यासाठी रचलेले प्रसंग. साधने तीच, पार्श्वसंगीत निराळे. शनायाच्या बेताला तबल्याचा कडकडाट आणि भुवईवर तीन वेळा झेपावणारा कॅमेरा. राधिकेच्या बेताला खट्याळ बासरी. नैतिकतेचा निवाडा इथे संगीत दिग्दर्शक देतो. कुणी म्हणेल, हेतू बघा ना, एक घर मोडायला निघालेली आणि एक वाचवायला. पण वाचवायचे ते घर नेमके कुठले? ज्याचा एक रहिवासी रोज तिथून पळ काढतो आणि दुसऱ्याला त्याच्यावर पाळत ठेवावी लागते, त्या घराला वाचवण्यासारखे काय उरले आहे, हा प्रश्न मालिकेने राधिकेला फार उशिरापर्यंत स्वतःला विचारू दिला नाही. निष्ठा ही माणसाशी असते, तो माणूस शब्दाला जागत असेतोवर. त्यानंतर जे उरते ते पदाला चिकटून राहणे, आणि त्याला निष्ठा म्हणणे ही भाषेची चलाखी आहे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. या त्रिकोणासाठी मराठीत शब्दांची श्रीमंती आहे, पण ती एकाच बाजूला. सवत, ठेवलेली, अंगवस्त्र, टाकलेली, परित्यक्ता. टाकलेल्या बाईला नाव आहे. टाकणाऱ्या पुरुषाला नाही. ‘बाहेरख्याली’ हा शब्द पुरुषाला लावतात खरा, पण त्याचा सूर असा की जणू एखाद्याला तंबाखूची सवय असावी. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळींनी परित्यक्तांचा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा या शब्दामागच्या असंख्य बायका पहिल्यांदा मोजण्याजोगी माणसे म्हणून समोर आल्या. टाकणारे तेव्हाही कर्तरी प्रयोगात आले नाहीत. कायद्याची तऱ्हा काही वेगळी नव्हती. भारतीय दंडविधानातले व्यभिचाराचे ४९७ कलम दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा सांगत होते आणि फिर्यादीचा हक्क त्या बाईच्या नवऱ्याला होता. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी संबंध ठेवला, तर या कलमाखाली गुन्हाच नव्हता. म्हणजे राधिकेला गुरुनाथविरुद्ध या कलमाने काहीही करता आले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम रद्द केले, मालिका ऐन भरात असताना. ते रद्द झाले हे योग्यच झाले. पण त्या कलमाची आणि मालिकेची रचना किती जुळते पाहा. दोघांनाही चोर बाहेरूनच येतो असे वाटते. कायद्याचा चोर परका पुरुष, मालिकेची चोर परकी बाई. घरातल्या ज्या माणसाने आतून कडी काढली, त्याला दोन्हीकडे मुभा.

अपराधीपणाची वाटणी तर याहून विचित्र होते. स्टार प्रवाहवरची ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. पंचवीस वर्षे संसाराला वाहून घेतलेली अरुंधती, तिला गृहीत धरणारा अनिरुद्ध देशमुख, आणि त्याची कार्यालयातली सहकारी संजना. नवऱ्याचे नाते उघड झाल्यावर अरुंधतीला जे ऐकावे लागते, ते मराठी घरांत जन्मलेल्या कुठल्याही प्रेक्षकाला पाठ आहे. मुलांकडे बघ. आईअप्पांच्या तब्येतीचा विचार कर. तूच कुठे कमी पडलीस का? सासूबाई कांचन यांना सुनेच्या दुःखापेक्षा घराण्याची अब्रू आधी दिसते. ज्याने अपराध केला तो अनिरुद्ध चिडतो, वैतागतो, गोंधळतो. अपराधी वाटते ते अरुंधतीला. घटस्फोटानंतरही ती ‘समृद्धी’ बंगल्याच्या ओढीतून सुटत नाही, कारण प्रत्येक आठवड्यात कुणीतरी आजारी पडते, कुणाचे तरी लग्न मोडायला येते, कुणी तरी तिच्या पदराला धरून म्हणते की तू नसशील तर हे घर उभे राहणार नाही. मालिका याला तिचे मोठेपण म्हणते. मला हे त्या मालिकेतले सर्वांत यशस्वी कारस्थान वाटते. संजनाचे डावपेच त्यापुढे पोरखेळ आहेत, कारण ते सर्वांना दिसतात. ‘तुझ्यावाचून आमचं कसं होणार’ हे वाक्य डावपेच म्हणून ओळखूच येत नाही. ते मायेच्या आवाजात येते, देवघरासमोर येते, आणि ज्याच्यावर चालवले जाते त्याला आभारी करून सोडते. खऱ्या आयुष्यात माणसाला वाकवणारा बहुधा असाच असतो. त्याची भुवई उंचावलेली नसते. त्याच्या नावावर केलेल्या उपकारांची मोठी जमा असते आणि तो ती वेळेवर काढून दाखवतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसा मानले आहे. कायद्याला जे दिसले ते रोज पाहणाऱ्या प्रेक्षकाला दिसू नये, अशी सोय मालिकेने करून ठेवली आहे, कारण तिने छळाचा चेहरा आधीच लिपस्टिक लावलेल्या एका बाईला देऊन टाकलेला असतो.

हे असे का होते याचे उत्तर लेखकांच्या संस्कारांत शोधण्याची गरज नाही. ते वेळापत्रकात सापडते. आठवड्याला सहा भाग, दर गुरुवारी हाती येणारे टीआरपीचे आकडे, हजाराच्या पुढे जाणारी भागांची संख्या. असा त्रिकोण सुटला तर मालिका संपते, म्हणून तो सुटता कामा नये. आणि न सुटू देण्यासाठी अपराधीपणाइतके स्वस्त इंधन नाही, कारण अपराधी वाटणारा माणूस बोलत नाही. ‘मला तुला काहीतरी सांगायचं होतं’ इथपर्यंत येऊन गप्प बसणारी पात्रे आठवा. त्या एका गप्प बसण्यावर पंधरा दिवस निघतात. ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेत कार्तिकला बायको दीपाच्या पोटातली मुले आपली नाहीत असा संशय येतो. एका साध्या चाचणीने जो फिटावा त्या संशयावर मुली वाढतात, शाळेत जाऊ लागतात, वर्षांवर वर्षे उलटतात, आणि आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे मात्र दीपाच्या डोक्यावर. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेले की ते आपले आपण उघडतात, पातळी उतरली की मिटतात; कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत. मालिकेचे धरण नेमके उलटे बांधलेले असते. पाणी रोज चढते, भिंतीला तडे जातात, पायथ्याच्या बायका रडतात, आणि दरवाजा काही उघडत नाही, कारण पाणी वाहून गेले तर उद्या विकायचे काय?

‘पण ही आपली संस्कृती आहे,’ असा पहिला आक्षेप येतो. ‘आपल्याकडे बाई असा भरला संसार सोडत नाही.’ संस्कृतीचेच म्हणाल तर या मालिकांचा साचा मराठी मातीत घडलेला नाही. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली, ‘रंग माझा वेगळा’चे मूळ मल्याळम ‘करुतमुत्तु’त आहे, भाषा बदलून तोच त्रिकोण देशभर फिरतो. मराठी मुलखाच्या स्वतःच्या कथा मात्र ऐका. राधेला देवाच्या मांडीवर बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि द्वारका सोडून दिंडीरवनात निघून गेली. तिने राधेविरुद्ध डाव रचले नाहीत, देवाच्या खोलीबाहेर कान लावला नाही. ती निघाली, आणि तिला शोधत देवाला यावे लागले. पंढरपुरात आजही रुक्मिणीचे देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून निराळे आहे. (मालिकेने बायकोचे नाव राधिका ठेवले, हा विनोद लेखकांना कळला होता की नाही कोण जाणे, कथेत ते नाव दुसरीचे आहे.) कोल्हापूरची कथा याहून रोखठोक. भृगूची लाथ विष्णूने सोसली, उलट त्याचेच पाय चेपले, हा अपमान लक्ष्मीला सहन झाला नाही आणि ती करवीरला निघून आली. पुढे विष्णूने तिरुपतीला पद्मावतीशी लग्न केले. अंबाबाई ही विष्णुपत्नी नव्हेच असे सांगणारा पक्ष कोल्हापुरात आहे आणि त्याचे म्हणणे हलके नाही, पण कथा लोकांच्या तोंडी आहे, आणि दरवर्षी नवरात्रात तिरुपती देवस्थानाचा शालूही येतो. शालू येतो, देवी जात नाही. जेजुरीच्या खंडोबाला म्हाळसा आणि बाणाई दोघी. जागरणात त्या दोघींची भांडणे रंगतात, पण दोघींना जीभ सारखीच तिखट असते आणि बाणाईला कुणी घरफोडी म्हणत नाही. भंडारा तिच्यावरही उधळतात. ईशा केसकर या अभिनेत्रीने ‘जय मल्हार’मध्ये बाणाई साकारली आणि नंतर ‘माझ्या नवऱ्याची बायको’त काही काळ शनाया. त्याच चेहऱ्याला एका मालिकेत हात जोडले गेले, दुसरीत शिव्या पडल्या. संस्कृती म्हणायचे ती नक्की यातली कुठली?

कथांवर भागत नसेल तर व्यवहार पाहा. शेतकरी, कारागीर जातींमध्ये काडीमोड होती, पाट होता. न जमलेल्या लग्नातून बाहेर पडलेली बाई दुसऱ्या घरात नांदत होती. सोवळ्या घरांनी ज्याला कमी प्रतीचे मानले, तोच बहुसंख्यांचा रिवाज होता. शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास काडीमोडीचा कायदा केला, आणि स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदाही त्यांच्या संस्थानात १९१९ सालचाच. त्याच वर्षी गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. दारुड्या नवऱ्याच्या पायाशी मरणारी सिंधू पाहून मराठी मध्यमवर्ग रडला, आणि शंभर वर्षे रडतो आहे. एकाच वर्षी एका बाजूला सोसणाऱ्या बाईची पूजा आणि दुसऱ्या बाजूला तिला सोसावे लागू नये म्हणून केलेला कायदा, असे दोन रस्ते फुटले होते. दूरचित्रवाणीने पहिला निवडला. निवडण्याचा तिला अधिकार आहे, पण मग तोच एकमेव रस्ता होता असे तिने सांगू नये, आणि आपल्या कोल्हापूरकरांनी तर ते मुळीच ऐकून घेऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. राधिका शेवटी रडत बसली नाही, मसाल्यांचा मोठा उद्योग तिने उभा केला, सौमित्रशी लग्न केले. अरुंधतीनेही आशुतोषबरोबर नवा संसार मांडला. गुरुनाथची तर पुरती शोभा झाली. मग तक्रार कसली? यातला खरेपणा मी नाकारत नाही. मध्यमवयीन, मुले असलेल्या बाईचे दुसरे लग्न लाखो घरांत रोज दाखवणे हे लहान काम नव्हते, आणि अनिता दाते-केळकर, मधुराणी गोखले-प्रभुलकर यांच्या अभिनयाने त्या बायकांना जे अंग दिले ते लेखणीच्याही पुढचे होते. पण दोन गोष्टी त्यातही खटकतात. राधिकेला घर सोडण्याचा हक्क मिळतो तो कोट्यवधींची उलाढाल केल्यावर. ज्या बाईकडे मसाला कांडण्याचे कसब नाही, भांडवल नाही, मदतीला धावणारे सगळे गृहसंकुल नाही, तिला ही मालिका काय देते? तिच्या हाती फक्त पहिल्या शेकडो भागांतले सोसणेच येते. दुसरी गोष्ट गुरुनाथच्या शोभेची. त्याला चिखलात पाडले, नोकरीवरून काढले, बायकोच्या हाताखाली राबवले, प्रेक्षक हसले. पण हसू येईल असा मूर्ख करून टाकले की माणूस जबाबदारीतून सुटतो. फजिती म्हणजे जाब नव्हे. ‘तू शब्द दिला होतास, तो का मोडलास? तुला त्याचं काय वाटतं?’ असे शांतपणे विचारून, उत्तर येईपर्यंत समोर बसून राहणारे कुणी त्या साडेचार वर्षांत ठसठशीतपणे आठवते का? मला नाही आठवत. शिक्षेचा पाऊस पडला आणि प्रश्न कोरडा राहिला.

मालिकेबाहेर, मराठी पडद्यालाच हे जमले आहे, म्हणून जमत नाही हा बचाव टिकत नाही. प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ साली जन्मली आणि पुण्याला गेल्यावर १९३७ साली तिने ‘कुंकू’ काढला. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. चित्रपट तिला अपराधी वाटायला लावत नाही. अपराधीपणा हळूहळू त्या वकिलापर्यंत पोचतो, जिथे तो असायला हवा, आणि आपण काय केले हे त्याला स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागते. त्याच्या आत्महत्येने केलेला शेवट आज आपल्याला पटणार नाही, पण पत्ता चुकलेला नाही. जब्बार पटेलांच्या १९८२ च्या ‘उंबरठा’मध्ये सुलभा महाजन कामावरून घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. तो ते सांगतो. ती घर सोडते. दुसऱ्या बाईला कारस्थानी ठरवण्यासाठी एक फूटही फिल्म खर्च झालेली नाही, कारण प्रश्न त्या बाईचा नव्हताच. ‘तो चित्रपट अडीच तासांचा, आमची मालिका चार वर्षांची’ असे उत्तर मिळेल. बरोबर आहे. पण मग लांबी हे दुखण्याचे मूळ आहे असे कबूल करा. संस्कृती आणि निष्ठा यांना मध्ये ओढू नका.

‘करमणूक आहे हो, इतकं काय मनावर घेता,’ हा शेवटचा आक्षेप, आणि त्याच्या जोडीला शहरी टीकाकारांचा उलट सूर, की या मालिका पाहणाऱ्या बायका अडाणी आहेत. दोन्ही सारखेच उथळ. पाहणाऱ्या बायका अडाणी नाहीत. भाकऱ्या थापता थापता, उद्याच्या डब्याची भाजी निवडता निवडता त्या शनायाला जे बोलतात, ते बहुधा शनायाला नसतेच. घरातल्या पुरुषाला समोर बसवून जे म्हणता येत नाही, ते पडद्यावरच्या दुसऱ्या बाईला म्हणून मोकळे होता येते, आणि सासूसासरेही त्यात सामील होतात, कुणाचाच मान दुखावत नाही. ही मालिकेची खरी सेवा, आणि हाच तिचा खरा गुन्हा. साठलेला राग ती वाहू देते, पण चुकीच्या पाटाने. दोन बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत असताना तिसरा माणूस शेजारच्या खुर्चीत निवांत बसून तीच मालिका पाहतो आणि म्हणतो, ‘काय बाई आहे ही!’ करमणूक मनावर घेतली जात नसती तर शनायाचे काम करणाऱ्या अभिनेत्रींना लोकांचे बोल ऐकावे लागले नसते. गुरुनाथचे काम करणाऱ्या अभिजीत खांडकेकरांनाही प्रेक्षकांनी रागे भरले असेल, पण ‘गुरुनाथसारखा पुरुष’ ही शिवी मराठीत रुजली नाही. ‘शनाया’ मात्र टोपणनाव होऊन बसली. कुठल्याही कार्यालयात नीटनेटकी राहणारी, हसून बोलणारी एखादी मुलगी पाठीमागे त्या नावाने ओळखली जाते. भाषेत काय शिल्लक राहिले, यावरून शिकवण कुणाला काय मिळाली ते मोजावे.

मला कारस्थान दाखवणाऱ्या मालिका नकोत असे नाही. मत्सर, खोटेपणा, दोन माणसांमध्ये ओढला जाणारा जीव, हे कथेचे सनातन भांडवल आहे आणि दुसऱ्या बाईलाही तिच्या वाट्याचा दोष यावा. लग्न झालेले आहे हे ठाऊक असून आत शिरणारीने हात झटकू नयेत. पण तिने कुणाला वचन दिलेले नव्हते. वचन ज्याने दिले होते त्याचा दोष तिच्यापेक्षा मोठा, हा साधा हिशोब आहे, आणि तो उलटा लिहायला रोज नवे नाटक रचावे लागते. राधानगरीच्या आक्कासाहेबांची बाजू ऐकायला कुणी कॅमेरा लावला नव्हता, आणि त्यांना तो लागलाही नाही. आता कॅमेरे आहेत, वेळ आहे, पैसा आहे, आणि मराठी लेखकांत ताकदही आहे. म्हणून त्यांना एवढीच विनंती: पुढच्या त्रिकोणात एकदा, फक्त एका भागात, नवऱ्याला समोर बसवून सरळ प्रश्न विचारा, आणि मग कॅमेरा बायकोच्या ओल्या डोळ्यांकडे, सासूच्या छातीवर गेलेल्या हाताकडे, दारामागच्या सावलीकडे नेऊ नका. ज्याला विचारले आहे त्याच्यावरच ठेवा. तो बोलेपर्यंत हलवू नका, मग जाहिरातीची वेळ झाली तरी चालेल.